व्याकरण काढून घेतलं तर बोलण्यात काय उरतं? सोलापुरात तपासताना आलेला अनुभव

व्याकरणाशिवाय भाषा असू शकते का, यावर नुसता वाद घालत बसण्यात अर्थ नाही. प्रश्न तपासता येतो, आणि तपासायला सोलापूरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पूर्व भागात घरोघर तेलुगू, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांची कन्नड, जोडीला दखनी (दक्षिणेतली उर्दू), आणि या सगळ्यांनी मिळून वापरलेली मराठी. ‘सोलापूरच्या मराठीला व्याकरणच नाही’ असं बाहेरची माणसं सहज बोलून जातात. मी ते विधान शब्दशः खरं धरलं आणि खरंच तसं आहे का, हे बघायला घेतलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढावी लागते. पुस्तकात लिहिलेलं व्याकरण वेगळं आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात बसलेले नियम वेगळे. भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या देवळात शके 940 म्हणजे इ. स. 1018 चा मराठी लेख आहे : ‘वाछि तो विजेया होइवा’. वाचील तो विजयी होईल. अटीसारखा पहिला भाग, त्याला जोडणारा ‘तो’, पुढच्या काळाकडे बोट दाखवणारं क्रियापद, सगळं जागच्या जागी आहे. दादोबा पांडुरंगांचं छापील मराठी व्याकरण आलं 1836 मध्ये. मधल्या आठशे वर्षांत मराठी माणसं व्याकरणावाचून बोलत होती असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा शाळेतलं व्याकरण न शिकता बोलणं हा या प्रश्नाचा विषयच नव्हे.

पहिलं काम : जिथे खरोखरच व्याकरण नाही, असा व्यवहार शोधणं. तो लांब जायला लावत नाही. विडी कारखान्यात माल जमा करायची वेळ घ्या. बाई जुड्या पुढे सरकवते. ‘हजार.’ मोजणारा चाळून बघतो. ‘छाट’, म्हणजे काही विड्या बाद. बाई विचारते, ‘पान?’ उत्तर येतं, ‘उद्या.’ संपलं. चार सुटे शब्द. ते तेलुगूत म्हटले काय, मराठीत म्हटले काय, काही अडत नाही, कारण ज्याबद्दल बोलायचं ते दोघांच्या मधे टेबलावर पडलेलं असतं.

त्याच्याही पुढची पायरी जनावरांच्या बाजारात दिसते. सांगोल्याच्या बाजारात खिलार बैलाचा भाव रुमालाखाली ठरतो. एकाचा पंजा दुसऱ्याच्या हातात. किती बोटं धरली, त्यावर आकडा. तो शेकड्यातला की हजारातला, हे जनावर बघून दोघांनाही कळतं. इथे शब्दसुद्धा नाहीत आणि सौदा पक्का होतो. मात्र नीट बघा, रुमालाखाली फक्त आकडा जातो. बैल आदत (दुधाच्या दातांचा) की चौसा (चार दात आलेला), हे त्याचं तोंड उघडून दाखवावं लागतं. आणि ‘औताला चालला नाही तर आठ दिवसांत परत घेईन’ हे बोटांनी सांगता येत नाही, त्यासाठी रुमाल बाजूला सारून बोलावंच लागतं.

म्हणजे संवाद व्याकरणाशिवाय होतो, यात शंका नाही. आफ्रिकेतल्या व्हर्व्हेट माकडांच्या बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी वेगवेगळ्या हाका आहेत, आणि हाक ऐकून बाकीची माकडं त्या-त्या धोक्याप्रमाणे पळतात. संवाद पुरेपूर आहे. ‘काल इथे बिबट्या होता’ हे मात्र त्या हाकांत बसत नाही.

नेमकं अडतं कुठे, हे तीन शब्दांवर बघता येतं. पान, वाळ, फाट. विडीचं पान कापण्याआधी ओलं करून मऊ करतात, कोरडं राहिलं की कडेने चिरतं. आता हे तीन शब्द नुसते ऐकवले तर ऐकणारी काय समजेल? ‘पान वाळलं आणि फाटलं’ ही तक्रार आहे. ‘पान वाळलं तर फाटेल’ ही सूचना. ‘पान वाळलं असतं तर फाटलं असतं’ म्हणजे पान शाबूत आहे. मजुरी कुणाच्या अंगावर पडणार, ते या तिन्हींत वेगळं. समोर पान असेल तर बोट दाखवून भागतं. पान कालचं असेल, किंवा अजून आलेलंच नसेल, तर ‘तर’, ‘असतं’, ‘-एल’ यांच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

दुसरं काम ध्वनिमुद्रणाचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये मुद्रण करू नये. खडखडाटात शब्दांची शेवटची अक्षरं बुडतात, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच. जेवणाच्या सुट्टीत, शेडच्या बाहेर, भिंतीच्या आडोशाला बसावं. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही. एका चॅनेलचं तासाभराचं मुद्रण साधारण 500 एमबी होतं, तेव्हा कार्ड मोठं ठेवावं. संमती आधी घ्यायची, तीही ज्याच्या-त्याच्या भाषेत, आणि पहिली दहा मिनिटं हिशोबात धरायची नाहीत, कारण माइकपुढे माणूस शाळेतली मराठी बोलतो.

उतरवून घ्यायला ईलॅन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. चार ओळी ठेवाव्यात : ऐकू आलं तसं, शब्दांचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचं काम, आणि शेवटी प्रमाण मराठी. एका मिनिटाचं बोलणं चारही ओळींत नीट बसवायला तासभर सहज जातो. सगळ्यात मोठा धोका लिहिणाऱ्याच्या कानाचा. ‘केलो’ ऐकू आलेलं असताना हात ‘केलं’ लिहून मोकळा होतो. म्हणून एकच फाइल दोघांनी स्वतंत्र उतरवायची, त्यातला एक तरी सोलापुरातच वाढलेला हवा, आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथेच परत ऐकायचं.

तिसरं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं : वाक्यातून एकेक खूण काढून ऐकवणं. ‘नागेशनं रफिकला काल बोलावलं’ यासारखी वाक्यं घ्यावीत. दोन्ही माणसंच हवीत. ‘बाई भाकरी खा’ घेतलं तर काहीच कळत नाही, कारण भाकरी बाईला खात नाही हे सगळ्यांना माहीत असतं. सासू-सून, मालक-मजूर अशा जोड्याही टाळाव्यात. कोण कुणाला बोलावतं, याचा अंदाज ऐकणारा आधीच बांधून बसतो. शब्द सुटे मुद्रित करून प्रात (Praat) या आवाज तपासायच्या प्रोग्रॅममध्ये जोडावेत, नाहीतर बोलणाऱ्याचा हेल गुपचूप मदत करून जातो.

लिंग बिघडवलं, ‘सरलानं चादर विकला’ म्हटलं, तर कानाला खटकतं, अर्थ जागेवर राहतो. काळाची खूण काढली तर ‘काल’ किंवा ‘उद्या’ ती जागा भरून काढतात. ‘नं’ आणि ‘ला’ काढले की मात्र पाया हलतो. ‘नागेश रफिक बोलाव’ ऐकून लोक नागेशलाच बोलावणारा धरतात. ‘रफिक बोलाव नागेश’ म्हटलं की उत्तरं फुटतात. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्यांनी काय केलं, ते लक्षात घ्यायला हवं. प्रत्यय नाहीत म्हटल्यावर त्यांनी क्रमालाच प्रत्ययाचं काम दिलं. क्लाइन आणि पर्ड्यू या भाषाशास्त्रज्ञांना युरोपात हेच दिसलं. त्यांनी 1997 मध्ये मांडलं की वर्गात न शिकता, कामावर परकी भाषा उचलणारे प्रौढ लोक क्रियापदं चालवत नाहीत, पण ज्याच्या हाती सूत्रं आहेत तो आधी आणि नवी बातमी शेवटी, हा क्रम पाळतात.

माणसांना तयार भाषाच मिळाली नाही तर? निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून, तोवर घराघरांत एकेकटी असलेली कर्णबधिर मुलं शाळांमध्ये एकत्र आली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवू बघत होते, त्याला फारसं यश आलं नाही. मुलांनी आपापसांत खुणा जुळवल्या, आणि पुढे लहान वयात दाखल झालेल्या मुलांनी हवेतली जागा कामाला लावली : खूण कुठे केली, त्यावरून कोण कुणाला काय करतो हे कळायला लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. मला हा सगळ्यात ठाम पुरावा वाटतो.

आता ज्याला ‘बिनव्याकरणी’ म्हणतात त्या ‘मी काम केलो’कडे. प्रमाण मराठीत ‘केलं’ हे कामाशी जुळतं, इथे क्रियापद करणाऱ्याशी जुळतं. शेजारच्या भाषा बघा : कन्नडात ‘नानु केलस माडिदे’, तेलुगूत ‘नेनु पनि चेशानु’, दखनीत ‘मैं काम किया’. तिन्हींत क्रियापद करणाऱ्याशी जुळतं. तीन बाजूंनी हाच नियम असताना मराठीने तो उचलला, यात गोंधळ कुठे आहे?

हे तपासताना वाक्यं फार जपून निवडावी लागतात. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं बाद करायची. ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’ हे प्रमाण मराठीतही चालतं, त्यातून काही सिद्ध होत नाही. करणे, खाणे, आणणे, बघणे घ्यावीत. कर्म बोलणाऱ्याच्या लिंगाहून वेगळ्या लिंगाचं हवं : पुरुषाला भाकरी, बाईला चहा. ‘मी भाकरी खाल्लो’ आणि ‘मी चहा केले’ आलं तर क्रियापद करणाऱ्याशी जुळलं. ‘खाल्ली’, ‘केला’ आलं तर कर्माशी. बाईच्या तोंडचं ‘मी काम केले’ पुराव्यात धरू नये. लिहिताना ते प्रमाण रूपासारखंच दिसतं, आणि मुद्रण खराब असेल तर ‘केले’ की ‘केलं’ हे कानालाही सांगता येत नाही. एकाच माणसाकडून दोन्ही तऱ्हा मिळतात, ऑफिसात एक आणि कट्ट्यावर दुसरी. म्हणून समोर कोण होतं, ते प्रत्येक वाक्याशेजारी नोंदवावं.

शेवटची चाचणी मुद्दाम मोडलेल्या वाक्याची. नियम नसेल तर काहीही चालायला हवं. म्हणून ‘मी भाकरी खाल्लास’ असं म्हणून दाखवायचं आणि चालेल का विचारायचं. तेलुगू घरातला असो की कन्नड, शाळेत गेलेला असो की नसो, उत्तर लगेच येतं : ‘असं कोण बोलतंय बे?’