लेबलवरचे ७२ तास

सिन्नरच्या गोठ्यांत आणि नाशिकच्या घरगुती समारंभांत मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: गाईच्या सडात सोडायच्या प्रतिजैविकाच्या ट्यूबच्या खोक्यावर दूध किती तास डेअरीला घालायचे नाही हे छापलेले असताना, तुम्ही संगणकावर कासेचे गणित मांडत का बसता? आजवर मी हसून विषय बदलत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी मीच छातीठोकपणे सांगत असे की लेबल फार सावध असते. माझ्या मॉडेलमध्ये औषधाचा काही भाग रक्तात जात असे, काही ऊतींना चिकटून राहत असे आणि बाकीचा प्रत्येक धारेबरोबर बाहेर पडत असे. त्या हिशेबाने साठाव्या तासालाच दूध पेनिसिलिनच्या लिटरला ४ मायक्रोग्रॅम या कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) मर्यादेखाली येत होते. नेमकी तेव्हाच मामांच्या संकरित गाईला दगडी (कासेचा दाह) झाली आणि मागचे उजवे सड सुजले. डॉक्टरांनी ट्यूब दिल्या, लेबलवर ७२ तास होते, मामांनी मला फोन केला. मी म्हणालो, ७२ तासांनंतर निश्चिंत घाला, खरे तर त्याआधीही चालेल. सुदैवाने त्यांनी ‘आधी’ ऐकले नाही. सहा वेळचे दूध ओतून देऊन त्यांनी सातव्या वेळचे घातले, आणि संध्याकाळी टँकरच्या तपासणीत दुधातले औषध ओळखणाऱ्या पट्टीने औषध दाखवले. राखून ठेवलेले नमुने तपासल्यावर बोट मामांच्या कॅनकडे गेले. गावातल्या सगळ्यांचे दूध ओतले गेले आणि मामांचे दूध पंधरा दिवस बंद झाले. मला सर्वांत लागले ते हे की केंद्रावर त्यांनी ‘लेबल वाचण्यात माझीच चूक झाली’ असे सांगितले, माझे नावही घेतले नाही, आणि लेबल तर त्यांनी अक्षरशः पाळले होते.

दुसऱ्या दिवशी मी धारेच्या वेळी गोठ्यात उभा राहिलो. दुखरे सड हाताला लागताच गाय लाथ मारत होती. मामी दोन पिळे काढून ते सोडून देत होत्या. माझ्या समीकरणात मात्र ते सड रोज दोनदा पूर्ण रिकामे होत होते.

लेबल खोटे नसते, हे मला आजही सांगावेसे वाटते. ते तास संख्याशास्त्रीय मोकळीक ठेवून ठरवतात, पण बहुतेक निरोगी गाईंवर. आजारी कासेचे दूध आटते, त्यामुळे औषध बाहेर पडणे मंदावते; रक्ताचा सामू (pH) ७.४ आणि निरोगी दुधाचा साधारण ६.६ असल्यामुळे इंजेक्शनने दिलेली काही अल्कधर्मी औषधे दुधात गोळा होतात, आणि दगडीत दुधाचा सामू वर सरकला की ती ओढही बदलते. शिवाय चारही सडांच्या दुधाच्या वाटा वेगळ्या असल्या तरी रक्तावाटे थोडे औषध उरलेल्या तिघांत उतरते, म्हणून फक्त आजारी सडाचे दूध टाकून भागत नाही. (हे मात्र सगळेच विसरतात.)

मग पट्टीच लावावी, मॉडेल कशाला, असे तुम्ही म्हणाल. पट्टी ठरावीक गटाचीच औषधे ओळखते आणि आज काय आहे तेवढेच सांगते. पण माझे सुधारलेले मॉडेलही आता एक आकडा देत नाही, सडात मागे राहिलेल्या दुधानुसार लांबत जाणारा तासांचा पट्टा देते, आणि तो पट्टा घेऊन गोठ्यात कोणी काय करावे याचे उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात मामांनी पुन्हा फोन केला, दुसरी गाय होती. मी विचारले, ते सड पूर्ण निघते का? ते म्हणाले, ‘ते तुझ्या मामीला विचार, धार ती काढते.’