दोन्हीचा हिशोब वेगळा

शाळेला सुट्टी लागली की ओळखीचे सगळे विचारतात, गावाला कधी निघालीस. सांगून सांगून दमले की सुट्टी टीचर लोकांना असते, ऑफिसला नसते. मे महिना म्हणजे आमच्याकडे एलसी (शाळा सोडल्याचे दाखले), नवीन अॅडमिशनं, आणि ऑडिटरसाठी वर्षभराच्या फायली लावणं. त्यात लेंट कलेक्शनची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोळा होणाऱ्या दानाची, फाइल हातात आली आणि एप्रिलमधला तो प्रकार परत डोक्यात सुरू झाला. कुणाशी बोलावं तर ऑफिसात सगळ्यांना अर्धवट माहितीय आणि घरी कुणाला इंटरेस्ट नाही, म्हणून इथे लिहिते.

मी पश्चिम उपनगरातल्या एका कॅथलिक शाळेत सीनियर क्लार्क आहे. स्वतः ख्रिश्चन नाही, घरी दीड दिवसाचा गणपती असतो, पण इतकी वर्षं ह्या ऑफिसात काढल्यावर महाशिवरात्र झाली की राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, किती लांब आहे ते आपोआप बघितलं जातं. २०२५ मध्ये तो ५ मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला. मधले रविवार सोडून चाळीस दिवस म्हणजे लेंट. प्रार्थना, उपवास आणि दान ह्या तीन गोष्टी. शाळेत त्याचा अर्थ असा की मुलांनी कॅन्टीनचा समोसा नाहीतर चॉकलेट सोडायचं आणि वाचलेले पैसे पाकिटात टाकायचे. ती पाकिटं वर्गशिक्षिका गोळा करतात आणि माझ्या टेबलावर आणून ओततात. ओततात हा शब्द बरोबर आहे.

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही पण लेंटचं कलेक्शन म्हणजे मुख्यतः चिल्लर. शिपाई मामा आणि मी वर्तमानपत्र पसरून बसतो, एक, दोन, पाच, दहा आणि ती बारा कोनांची वीसची नाणी वेगळी करतो, शंभर-शंभरच्या प्लास्टिकच्या पिशव्या करतो, कारण बँकेला तशीच लागतात. रिझर्व्ह बँकेने कितीही वेळा सांगितलेलं असो की कुठल्याही शाखेने नाणी घ्यायलाच पाहिजेत, काउंटरवरचा मुलगा आम्हाला बघून पाणी प्यायला उठतोच. नाण्यांमधून काय काय निघतं ते एकदा येऊन बघा. २०११ ला बंद झालेली चार आण्याची नाणी, दुबईचे दिरहम, मॉलमधल्या गेमचं टोकन. आणि नोटा! जी नोट रिक्षावाला घेत नाही, वाणी घेत नाही, ती सेलोटेप लावून देवाच्या नावाने दिली जाते. ह्यात सगळे धर्म सारखेच हो, आमच्या देवळाच्या दानपेटीत पण हेच निघतं.

दुसरी गोष्ट नावांची. राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) जे वाचतात त्यात येशू सांगतो की उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. इन्कम टॅक्सवाले नेमकं उलटं सांगतात. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी धर्मादाय ट्रस्टकडे एका मर्यादेच्या वर गेली (एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, जे जास्त असेल ते) तर वरच्या रकमेवर ३० टक्के टॅक्स. त्यामुळे प्रत्येक पाकिटावर जीआर नंबर (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला मुलाचा नंबर) पाहिजे आणि माझ्या रजिस्टरला नाव पाहिजे. हे मला मान्य आहे, हिशोब म्हणजे हिशोब. पण रजिस्टरमध्ये नाव असणं वेगळं आणि भिंतीवर असणं वेगळं. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मुलांना मोटिव्हेट करूया. तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये पुठ्ठ्याचा थर्मामीटर लागतो, प्रत्येक वर्गाचा एक, पैसे येतील तसा लाल कागद वर चढवायचा, आणि प्रत्येक वर्गात सॉफ्ट बोर्डवर मुलांची नावं आणि पुढे टिक. पहिल्या आलेल्या वर्गाला फिरती ट्रॉफी आणि एक दिवस कलर ड्रेस, म्हणजे युनिफॉर्मला सुट्टी. ट्रॉफीचं कुणाला काही पडलेलं नसतं. कलर ड्रेससाठी मात्र मुलं एकमेकांचा जीव घेतील.

त्या कलेक्शनमधली काही रक्कम वरती धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या ऑफिसच्या, कामाला जाते, आणि उरलेल्यातून आमच्याच शाळेतल्या गरजू घरांना ईस्टरच्या आधी रेशनचं किट देतात. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, दोन साबण. धर्म बघत नाहीत, यादी वर्गशिक्षिका आणि चर्चच्या मदत गटातले लोक मिळून करतात. आमच्याकडे ही यादी लहान नसते. अल्पसंख्याक शाळांना आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागा लागू नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितल्यापासून लोकांना वाटतं की कॉन्व्हेंटमध्ये सगळी पैसेवाल्यांची पोरं. तसं नाहीये, फी-सवलतीवर आणि फादरांच्या चिठ्ठीवर आलेली भरपूर मुलं आहेत, एकाच बाकावर बिल्डरचा मुलगा आणि त्याच्याच बिल्डिंगमध्ये भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा.

तर देणाऱ्यांची यादी माझ्याकडे आणि घेणाऱ्यांची यादी पण माझ्याकडे. आमच्या जुन्या ऑडिटरने मला सवय लावलीय की दोन्ही याद्या जीआर नंबरवर जुळवून बघायच्या. ट्रस्टला मोठी देणगी देणाऱ्याने मागच्या दाराने फायदा घेऊ नये म्हणून जो नियम आहे ना, त्याची ही आमची घरगुती आवृत्ती. एक्सेलमध्ये दोन कॉलम शेजारी टाकायचे, तोच नंबर दोनदा आला की ओळ लाल होते. किटवाल्या घरांतली मुलं पाकीट देतच नाहीत, दिलं तरी पाच-दहा रुपये बिननावाचे बरणीत टाकतात, त्यामुळे एकही ओळ कधी लाल होत नाही आणि मी खाली "तपासले" लिहून सही करते.

पवित्र आठवड्यातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, मंगळवार होता, वरून वार्षिक परीक्षा चालू, कारण ह्या वर्षी सरकारने पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या होत्या आणि सगळ्या शाळेचा मेंदू शिजला होता. एक ओळ लाल झाली. सातवी ब. देणगी रुपये पाचशे.

आधी वाटलं नंबर चुकला असेल. पाकीट काढून बघितलं. नंबर बरोबर, आत पाचशेची एकच नोट, कोरी, दुधाच्या पिशवीच्या धुतलेल्या तुकड्यात घडी घालून ठेवलेली. त्या मुलाची आई चार घरी काम करते हे मला माहीत होतं, कारण फी-सवलतीचा अर्ज दरवर्षी मीच भरून देते. वडील आहेत पण असून नसल्यासारखे.

मी सिस्टरांना, म्हणजे आमची शाळा बघणाऱ्या ननना, दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, बिचारीला परत करा गुपचूप. हे चांगल्या मनाने बोलल्या. तेवढ्यात चर्चच्या मदत गटातले एक अंकल किटचं चलान घेऊन आलेले, त्यांनी ऐकलं आणि लगेच, पाचशे द्यायला आहेत तर किट कशाला, ते दुसऱ्या कुणाला देऊ. हे अंकल रिटायर्ड बँकवाले, घरोघरी फिरतात, उन्हात जिने चढतात, त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण ज्याला मदत करायची त्याने कायम मदत घेण्यासारखंच दिसलं पाहिजे हा त्यांचा जो हट्ट असतो ना, तो मला सहन होत नाही. चप्पल नवी दिसली की नाव कापायचं.

तिसरी सातवी बची टीचर. तरुण मुलगी आहे, उत्साही आहे, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायबलमध्ये त्या विधवेची गोष्ट आहे, देवळाच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकतात आणि ती दोन छोटी नाणी टाकते, आणि येशू म्हणतो हिने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. टीचर म्हणाली ईस्टरनंतरच्या असेंब्लीचं रिफ्लेक्शन (प्रार्थनेनंतरचं छोटं चिंतन) माझ्याकडेच आहे, मी हेच सांगते, नाव नाही घेणार. मी म्हटलं अगं, नाव नाही घेतलंस तरी सातवी बमध्ये पाचशे कुणी दिले ते बोर्डावर लिहिलंय की. तर म्हणे, मग चांगलंच आहे ना, मुलाला अभिमान वाटेल. तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या गरिबीचं भर असेंब्लीत कौतुक झालं की अभिमान वाटतो हे कुठल्या बीएडमध्ये शिकवतात देव जाणे.

बुधवारी दुपारी किट वाटप. त्या मुलाची आई आली, अर्ध्या तासाची सवड काढून, हाताला साबणाचा वास. मी तिला रांगेतून बाजूला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं, पाकीट समोर ठेवलं. म्हटलं, ताई, हे तुम्ही दिलेत? सिस्टर म्हणतात परत घ्या, तुम्हालाच अडचण आहे.

ती पाकिटाकडे बघून म्हणाली, "परत केलं तर बोर्डावरचं नाव पुसणार का?"

मग हळूहळू निघालं. गेल्या वर्षी त्यांचा वर्ग थोडक्यात दुसरा आला होता आणि मुलांनी बोर्ड बघून हिशोब केला की कुणाच्या नावापुढे टिक नाही. त्यात हा एक. "तुझ्यामुळे कलर ड्रेस गेला" हे त्याला दिवाळीपर्यंत ऐकवत होते. त्याने घरी काही सांगितलं नाही, तिला दुसऱ्या एका आईकडून कळलं. म्हणून ह्या वर्षी तिने एका कामावरून पाचशे उचल घेतली. पन्नास दिले असते तरी टिक झालीच असती असं मी म्हटलं. तर म्हणाली, "पन्नासचं पण हसतात मॅडम. पाचशे टाकले की दोन-तीन वर्षं कुणी बोलत नाही."

आता सांगा, कुठे ती विधवा आणि कुठे हे. मला इतका संताप आला की मी म्हटलं, मग हे दान नाहीच, ही वसुली झाली, घ्या परत, मी वर्गात कुणाला कळू देणार नाही. तर ती बाई शांतपणे म्हणाली, "नाही, तसं पण नाही. लॉकडाऊनमध्ये शाळेने आमच्याकडे दोनदा सामान पाठवलं होतं. मला द्यायचेच होते कधीतरी. ह्या निमित्ताने झाले." मी विचारलं, मग किट? "किट पण द्या. घरात डाळ नाहीये. दोन्हीचा हिशोब वेगळा आहे."

आणि वर म्हणाली, पावती द्या.

पावती सॉफ्टवेअरमधून निघते. जीआर नंबर टाकला की नाव आपोआप येतं, ते वडिलांचं. तिने स्क्रीनकडे बघितलं, म्हणाली ह्याचं नाव नको, ह्याने काय दिलंय. मी खूप खटपट केली, ते फील्ड लॉक आहे, कंपनीला मेल टाकला की आठवड्याने उत्तर येतं. शेवटी कपाटातून जुनं हाताने लिहायचं पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला, तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव सांगितलं. मी तसंच लिहिलं. "रुपये पाचशे फक्त." तिने पावती वाचली, एक-एक अक्षर लावून, आणि ब्लाउजमध्ये ठेवली. मग रांगेत जाऊन किटच्या रजिस्टरला सही केली, तिथे मात्र नवऱ्याचंच आडनाव. अंकल काहीतरी बोलायला आले होते, मी त्यांना चलानावर स्टॅम्प राहिलाय सांगून आत पिटाळलं.

जाताना म्हणाली, पोराला ह्यातलं काही कळायला नको, त्याला सांगितलंय की मला बोनस मिळाला. मी टीचरला त्याच दिवशी गाठून सांगितलं. ती हिरमुसली, म्हणाली गोष्ट थोडी बदलून सांगते, वर्ग नाही सांगत. मी म्हटलं गोष्ट तू बायबलमधलीच सांग ना, ती काय कमी आहे. पण तिला आजूबाजूचं ताजं उदाहरण हवं होतं, हल्ली रिफ्लेक्शनला ते लागतंच म्हणे. सिस्टरांकडे गेले तर त्या गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीत आणि गुड फ्रायडेच्या गडबडीत होत्या, म्हणाल्या मंगळवारी बघू.

मंगळवारी काही झालंच नाही. ईस्टर सोमवारी दुपारी बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले, आणि मंगळवारच्या असेंब्लीत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, दोन मिनिटं शांतता, मग पेपर. टीचरचं रिफ्लेक्शन बारगळलं. ते बारगळलं ते माझ्या बोलण्यामुळे नाही, हे मला चांगलं माहितीय, आणि जूनमध्ये ती ते परत काढू शकते हेही.

आणि हो, सातवी ब ह्या वर्षी पण दुसरीच आली. पाचवी अच्या एका पालकाने शेवटच्या दिवशी पंचवीस हजारांचा चेक दिला, ८० जीच्या (देणगीवर टॅक्सची सूट मिळते त्या) सर्टिफिकेटसाठी पॅन नंबर आणि मेल आयडी चेकच्या मागे लिहून. पाचवी अ कलर ड्रेस घालून नाचली.

मी सिस्टरांना एक पानी नोट दिलीय. बोर्ड काढा, थर्मामीटर काढा, नावं माझ्या रजिस्टरला राहू द्या, टॅक्सवाल्यांना तेवढं पुरतं, वर्गाला फक्त सगळ्या शाळेची एकूण रक्कम सांगा. सिस्टरांनी वाचली. म्हणाल्या, कलेक्शन निम्म्यावर येईल आणि मग किटं निम्मी होतील, त्यात तीच बाई गळली तर? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आकड्यांचं मला कळतं आणि त्या बरोबर बोलतायत असंच वाटतं. भिंतीवर नाव नसतं तर तिने किती दिले असते, पन्नास, पाच की काहीच नाही, आणि त्या पाचशेतले भीतीचे किती आणि मनाचे किती, हे मी कितीदा मांडून बघितलं, जमत नाही. तिला विचारलं तर म्हणेल मॅडम तुम्हाला काय करायचंय, पावती बरोबर आहे ना.

नोट सध्या सिस्टरांच्या टेबलावर आहे, जूनमधल्या स्टाफ मीटिंगला घेऊ म्हणाल्यात. पीटीएचे दोघे त्या मीटिंगला असणार, म्हणजे थर्मामीटर कुणी सुचवला होता ते तरी कळेल.