धीर मोजून वाढवावा लागतो

आज दिवसभर एकच वाक्य कानावर पडत होतं: "अपघाताला चार महिने झाले, आता तरी धीर धर!" धीर असा सांगून येत नाही हो.

द्वारका चौकात अपघात झालेल्या माणसाचं घ्या. भीतीला 0 ते 100 मध्ये आकडा द्यायचा. चौकाचा फोटो बघणं 30, जवळच्या टपरीवर चहा घेत उभं राहणं 50, स्वतः दुचाकी चालवणं 95. सुरुवात खालच्या पायरीपासून. टपरीची पायरी आली की तिथे 30 ते 45 मिनिटं थांबायचं. छाती धडधडेल, तळहात ओले होतील. आकडा निम्म्यावर उतरला की निघायचं. चुकतं ते इथेच. धडधड वाढली की लोक काढता पाय घेतात, आणि मेंदू शिकतो, ‘पळालो म्हणून वाचलो’. उभं राहून मोबाईलमध्ये डोकं घालणं हीसुद्धा पळवाटच. मनातल्या मनात जप करणं तशातलंच (आजी लोक रागावतात, चालायचंच).

प्रामाणिकपणा तितकाच लागतो: आकडा 80 असताना घरच्यांसाठी 40 सांगू नका.

पायऱ्या समुपदेशकासोबत आखा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.