तुम्ही विचारलंत म्हणून: पेट्रोलची ताकद बॅटरीत का नाही?

मी रसायनशास्त्र शिकवतो हे कळलं की हल्ली हा प्रश्न ठरलेला. एवढं संशोधन चाललंय, तरी बॅटरी पेट्रोलच्या जवळपासही का पोचत नाही?

वजनाला वजन लावलं तर तक्रार रास्त आहे. किलोभर पेट्रोल जाळलं की साधारण 12 युनिट ऊर्जा मिळते, म्हणजे विजेच्या मीटरवर मोजतो ती युनिटं. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे जेमतेम पाव युनिट. पण हा हिशेब मला जरा लबाड वाटतो. ते किलोभर पेट्रोल पुरतं जळायला साडेतीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तो टाकीत नसतो, हवेतून फुकट येतो.

शिवाय ऊर्जा ‘पेट्रोलमध्ये’ असते हेही अर्धंच खरं. अणूंमधला बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असं मुलं बिनदिक्कत लिहितात (मीही लिहिलंय). आहे नेमकं उलट. बंध तोडायला ऊर्जा मोजावी लागते. मिळते ती नवे बंध जुळताना. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध त्या मानाने कच्चा, मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) 498 किलोज्यूलचा. कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक बंध 800च्या घरात. इंजिन चालतं ते मुख्यतः या फरकावर.

बॅटरीला मात्र इंधन आणि ऑक्सिजनच्या जागचं द्रव्य असे दोन्ही पक्ष पोटात घेऊन फिरावं लागतं. एका बाजूला ग्राफाइट: लिथियमच्या एका अणूला सामावून घ्यायला कार्बनचे 6 अणू, म्हणजे 7 ग्रॅम लिथियमसाठी 72 ग्रॅम कार्बन. दुसऱ्या बाजूला कोबाल्टची किंवा लोखंडाची संयुगं. मध्ये इलेक्ट्रोलाइट (लिथियमचे आयन ज्यातून ये-जा करतात तो), पडदा. मग नुसतं लिथियमच का नाही वापरत? वापरून पाहिलंय. पुन्हापुन्हा चार्ज केलं की धातूला काट्यांसारखे फाटे फुटतात, ते पलीकडे पोचले की शॉर्ट सर्किट. 1985 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बन वापरला आणि गाडं रुळावर आलं. गंमत म्हणजे तो कार्बन पेट्रोलियम कोकचा, म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना उरणाऱ्या कोळशासारख्या पदार्थाचा होता! 2019 च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

हे सगळं ओझं क्रिया परत फिरवता यावी, म्हणजे पुन्हा चार्ज करता यावं म्हणून. धुराड्यातून गेलेलं पेट्रोल टाकीत परत येत नाही.

हवेतला ऑक्सिजन वापरणारी बॅटरीही आहे बरं का. ऐकण्याच्या यंत्रात बटणाएवढी झिंक-एअर सेल असते. वरचं स्टिकर काढलं की हवा आत शिरते आणि ती कामाला लागते. वजनाच्या मानाने भरपूर चालते. संपली की फेकायची.