अजिंठ्याला स्केचबुक घेऊन जाताय? रंगपेटी खोलीवरच ठेवा

निकाल आधीच सांगून टाकतो: अजिंठ्याच्या लेण्यांत बसून जलरंगात काम करता येत नाही. छापील फोटोंतला झळाळता पद्मपाणी (कमळ धरलेला बोधिसत्त्व) डोक्यात घेऊन गेलात, तर पहिल्या लेण्यात शिरताच हिरमोड होईल. ते फोटो तगडे दिवे लावून काढलेले आणि नंतर उजळलेले असतात. प्रत्यक्षात आत संधिप्रकाश असतो, पाय अनवाणी, आणि मागे "पुढे चला, पुढे चला" सुरू. "दिवसभर निवांत बसून स्केचिंग करा" असं जे सांगतात, ते बहुधा ओसरीपलीकडे गेलेले नसतात.

तिथवर पोचतानाच एक फसगत होते. लेणी छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटर, जळगावपासून साठेक. संभाजीनगरहून येताना कंडक्टरला नुसतं "अजिंठा" म्हणालात, तर तो अजिंठा गावात उतरवेल. त्याची चूक नाही, गावाचं नावच ते आहे. लेणी घाट उतरून आणखी दहा-अकरा किलोमीटरवर. तिकीट काढताना "अजिंठा लेणी, फर्दापूर टी-पॉइंट" असं स्पष्ट म्हणा. मुक्काम शक्यतो फर्दापुरातच. रोज शंभर किलोमीटर ये-जा करून सकाळची शांत वेळ मिळत नाही, आणि या सहलीत सकाळच महत्त्वाची. सोमवारी लेणी बंद असतात. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर चित्रांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त काढून होतील.

खाजगी गाडी टी-पॉइंटलाच सोडावी लागते. पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसने. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरतानाच चालकाला विचारून घ्या. लेण्यांचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं. या खर्चाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या "फुकट" स्फटिकाची. दुकानांच्या रांगेतून जाताना एखादा अगदी गोड बोलून हातात चमकदार खडा ठेवतो, "भेट आहे, परत येताना फक्त दुकान बघा" म्हणतो आणि तुमचं नाव लक्षात ठेवतो. संध्याकाळी दमून परतताना तोच नावाने हाक मारतो, आणि मग भिडेखातर घेतलेल्या त्या दगडांचं ओझं खोलीपर्यंत. हे अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट वगैरे, दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सापडणारे. दिसायला सुरेख, पण पहिला सांगितलेला भाव कधीच खरा नसतो. खडा हातात घेऊच नका. चित्रकलेचं सामान मात्र तिथे मिळेल अशा भरवशावर राहू नका, खोडरबरसुद्धा घरून न्या.

आता खरी अडचण: अंधार. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना सरावायला पाच ते दहा मिनिटं लागतात, अंधुक उजेडातल्या पेशींना जवळजवळ अर्धा तास. गर्दी असली की मुख्य लेण्यांत गटागटाने सोडतात आणि थोड्या वेळात बाहेर काढतात. म्हणजे डोळे उघडेपर्यंत तुमची पाळी संपलेली. उपाय साधा आहे. बसमधून उतरल्यापासून गडद गॉगल लावा, ओसरीतही काढू नका, आत भिंतीसमोर उभं राहिल्यावरच काढा. आत मोबाइलचा स्क्रीन एकदा पाहिलात की केलेली तयारी पाण्यात. फ्लॅशला बंदी आहेच. वहीला लावायचा क्लिप-लाइटही पिशवीतच राहील असं धरून चला. चित्रांवर जादा उजेड पडू न देणं हे रखवालदाराचं काम आहे आणि तो ते बरोबरच करतो.

पांढरा कागद नेऊ नका. अंधारात तोच सगळ्यात उजळ दिसतो आणि भिंतीवरच्या छटा मरतात. मातकट किंवा करड्या रंगाचा १२० जीएसएमचा ए५ कागद पुरतो. पाटीला पट्टा लावून गळ्यात अडकवा, कारण काम उभ्यानेच करायचंय. घडीचं स्टूल वाटेत येतं. पाणी, शाई, कोळसा, सॉफ्ट पेस्टल आत नकोच. सांडणारं आणि भुकटी उडवणारं काहीही पंधराशे वर्षांच्या भिंतीजवळ नेऊ नये. मेणाच्या किंवा तेलाच्या पाच रंगीत पेन्सिली घ्या: गेरू, पिवडी, मळकट हिरवा, काळा, पांढरा. या पेन्सिली वेगवेगळ्या लांबीच्या कापा, किंवा टोकाला एक, दोन, तीन अशा खाचा पाडा. आत हिरवा आणि गेरू वेगळा ओळखू येत नाही; बाहेर आल्यावर कळतं की बोधिसत्त्वाचा अर्धा चेहरा हिरवा झालाय. बोटांनी खाच चाचपून पेन्सिल उचलायची सवय घरी दिवे मालवून आठवडाभर करा.

क्रम उलटा ठेवा. सगळे गट एक नंबरपासून सुरू करतात, म्हणून दार उघडताच सरळ १७ नंबरचं लेणं गाठा, मग १६, आणि १ व २ कडे गर्दी पुढे सरकल्यावर या. १७ ची ओसरी म्हणजे मेजवानी. बाहेरचा उजेड मिळतो, डाव्या टोकाला भवचक्राचे (जन्म-मरणाच्या चाकाचे) अवशेष, दाराशेजारच्या भिंतीवर उडत येणारा इंद्र आणि अप्सरा. गळ्यातल्या माळा मागे फेकल्या गेल्यात, त्यातूनच वेग दिसतो. इलस्ट्रेशनवाल्याने दिवसभर तेवढंच काढलं तरी चालेल. आत डाव्या भिंतीवर विश्वंतर जातक, उजवीकडे सिंहल अवदान, दोन्ही बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा. त्यांत प्रसंग डावीकडून उजवीकडे कालक्रमाने शोधू नका, सापडणार नाहीत. एका ठिकाणी घडणारे प्रसंग एकत्र आणलेत, आणि मधे खांब, दारं किंवा ठोकळ्यांसारखे खडक घालून दृश्यं तोडलीत. आकृत्या काढण्याआधी हे तोडण्याच्या जागांचे नकाशे काढा, पोस्टाच्या तिकिटाएवढे, वीस-पंचवीस. इथून न्यायची खरी कमाई ती.

एक नंबरमध्ये पद्मपाणीचा अख्खा देह काढायचा मोह आवरा. फक्त नीलकमळ धरलेला उजवा हात घ्या. बोटांची बाह्यरेषा एकसारख्या जाडीची नाही. वळणावर दाटते, पेरावर बारीक होते. गोलाई सावलीने नाही, कडेला रंग गडद करत आणलीय, आणि नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर पांढऱ्याचा एक फटकारा आहे. चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात पत्रज, ऐरिक, बिंदुज अशा तीन वर्तना, म्हणजे छटा देण्याच्या रीती, सांगितल्यात: आडव्या-तिरप्या रेघांनी, तलम छटेने आणि ठिपक्यांनी. मिळालेल्या पाच मिनिटांत एवढं टिपलंत तरी खूप झालं. उरलेल्या वेळात त्याच लेण्यातला, एकाच डोक्याला चार देह जोडलेली हरणं कोरलेला खांब गाठा.

रंग जुळवत बसू नका. डोळ्यांना दिसणारा पिवळसर तपकिरी पडदा मूळ चित्रकाराचा नाही. १९व्या शतकात नकला करताना चित्रं उठून दिसावीत म्हणून वॉर्निश फासलं गेलं, १९२०-२२ मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला, आणि ते सगळं पिवळं पडत गेलं. नकलांचं नशीब तर आणखी वाईट. ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिलच्या बऱ्याचशा नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्यांपैकी अनेक १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. वहीची पानं रोज रात्री स्कॅन करा, एवढंच म्हणतो.

दरीपलीकडच्या व्ह्यू-पॉइंटवरून वाघूर नदीची घोड्याच्या नालासारखी कमान अख्खी दिसते. त्यासाठी एकास चार मापाची घडीची वही हवी. सावली नाही, चढ दमवतो. कड्यावर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर नको आणि दगड मारणं तर नकोच. वेरूळ मंगळवारी बंद; बाकी तिथला दिवस सोपा आहे, सांगण्यासारखं काही नाही.

परत आल्यावर रंगाचा अभ्यास स्टुडिओत करा, अजिंठ्याच्याच पद्धतीचा तुकडा बनवून. हे ओल्या चुन्यावरचं फ्रेस्को नाही, कोरड्या पृष्ठावरचं काम आहे. पंधरा बाय वीस सेंटिमीटरची बिनचकाकीची मातीची फरशी घ्या, पत्र्याने ओरखडा, दहा मिनिटं पाण्यात बुडवा. कोरडी ठेवलीत तर ती लेपातलं पाणी ओढून घेते आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. चाळलेली चिकणमाती चार भाग, बारीक वाळू दोन भाग, भाताचा तूस एक भाग आणि सेंटिमीटरभर कापलेला मूठभर ताग भिजवून तीन दिवस झाकून ठेवा. आठ मिलिमीटरचा थर द्या, सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू कमी झाली किंवा पाणी जास्त. लेप चामड्यासारखा असतानाच अंगठ्याने दाबून बुजवा. वर तीन मिलिमीटरचा वस्त्रगाळ मातीचा थर. तो घट्ट झाल्यावर पाणी शिंपडून ताकासारख्या पातळ, विरवलेल्या चुन्याचे दोन हात. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

पूर्ण वाळल्यावर गेरूने रेखाटन, मग सपाट रंग, शेवटी काळी-तपकिरी रेषा. बांधणीला सरस: एक भाग सरस पंधरा भाग पाण्यात रात्रभर भिजवून कोमट करा, उकळू नका, नाहीतर त्याची पकड जाते. वाळलेल्या रंगावर बोट फिरवा. रंग बोटाला लागला तर सरस कमी. चकाकून कडा उचलल्या तर जास्त.

निळ्यासाठी अल्ट्रामरीन घ्या, अजिंठ्यातल्या अफगाणी लाजवर्दाचाच तो रासायनिक भाऊबंद. प्रशियन निळा अजिबात नको: चुन्याच्या अल्कलीत तो तुटतो, आणि नीलकमळ गंजासारखं तपकिरी पडतं.