वायर काढली आणि फोन झोपला

टेकडी-लॉगर, म्हणजे फोनच्या बॅरोमीटरवरून (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) चढ नोंदवणारं माझं ॲप. त्याच्या नोंदींत खड्डा का पडतो ते अखेर सापडलं. रविवारी वेताळ टेकडीच्या चढावर परत अकरा मिनिटं सपाट रेघ आली, जणू मी तेवढा वेळ हवेत तरंगत होतो. घरी टेबलावर मात्र रात्रभर चालवूनही एक रीडिंग चुकत नाही. तीन आठवडे हेच.

स्क्रीन-ऑफच्या ब्रॉडकास्टवर (स्क्रीन विझली की अँड्रॉइड ॲप्सना देतं ती वर्दी) मी उगाच डूख धरून होतो. (मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहून तो येत नाही, कोडमधूनच नोंदवावा लागतो, ते केव्हाच केलंय.) पण स्क्रीन विझणं म्हणजे झोपणं नव्हे, गाणी स्क्रीन बंद असतानाही वाजतातच की. प्रोसेसर खरोखर झोपायला जातो तेव्हा अँड्रॉइड ॲपला सांगून जात नाही.

खरा चोर यूएसबीची वायर. ती लावलेली असली की माझा फोन झोपतच नाही, आणि डिबग करताना ती लावलेलीच! वायर काढल्याचं सोंग करणारी 'डम्पसिस बॅटरी अनप्लग' कमांड देऊनही पाहिलं. अँड्रॉइड फसलं, खालचा कर्नल (सिस्टमचा गाभा, फोनला झोपवणारा तोच) नाही फसला.

मग फोनमधलीच दोन घड्याळं धरली. अपटाइम-मिलिस गाढ झोपेत थांबतं, इलॅप्स्ड-रिअलटाइम चालू राहतं. दर टिकला, म्हणजे ॲपच्या मिनिटामिनिटाच्या ठोक्याला, दोघांची वजाबाकी मिलिसेकंदांत फाइलमध्ये लिहायची, बास. फोन खिशात टाकून परत तोच चढ:

०६:४२:१० फरक ४१०
०६:५३:०८ फरक ५९८४१०

५९८ सेकंद साहेब घोरत होते! गंमत म्हणजे मिनिटाचा टिक मी पोस्ट-डिलेडवर ('इतक्या वेळाने हे कर' सांगणारं फंक्शन) लावला होता, आणि तोही अपटाइमवरच मोजतो. कुंभकर्णाला उठवायचं काम कुंभकर्णाकडेच. त्या दोन ओळी बघून मी टेकडीवरच एकटा हसलो, शेजारचे आजोबा जरा लांबून गेले.

उपाय म्हणून पार्शल वेकलॉक (स्क्रीन बंद असतानाही प्रोसेसरला जागं ठेवणारं कुलूप) धरणार होतो, कारण फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत चालू राहणारा ॲपचा भाग) एकटी प्रोसेसरला जागं ठेवत नाही. पण पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घातलेली बॅटरी सिंहगडापर्यंत तग धरेल असं वाटत नाही. डब्यावरचे आकडे वाचून बॅटरी घेऊ नका, एवढंच म्हणतो.

थांबा, हे लिहितालिहिता सुचलं: जागं ठेवायचंच कशाला? बॅरोमीटरच्या फिफोत (सेन्सरची स्वतःची छोटी साठवण) रीडिंग साठू द्यायची, उठल्यावर टाइमस्टॅम्पसकट एकदम उचलायची. आत्ताच रिझर्व्ह्ड काउंट, म्हणजे त्यात किती रीडिंगची जागा राखीव आहे ते, विचारला, ३०० आला. सेकंदाला एक धरलं तर पाच मिनिटांत भरेल, पुढे जुनी रीडिंग पुसली जाणार. उठवायला अलार्म लावावा तर डोझमध्ये (पडून असलेल्या फोनची बॅटरी वाचवायची अँड्रॉइडची सोय) तो नऊ मिनिटांतून एकदाच वाजतो. चालताना गाढ डोझ लागत नाही म्हणा, पण गडावर पिठलं-भाकरीला फोन बाजूला ठेवून बसलो की लागणार.

दोन सेकंदांना एक घेतलं तर? दहा मिनिटं पुरेल. अलार्मची नऊ मिनिटं त्यात बसतात! वेकलॉकची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) उडवतो, शनिवारी सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढून बघतो.