बीटलचा धूर : तीन नंबरपर्यंतचा माग

गाडी : १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३००. १२८५ सीसी, ६ व्होल्ट, सोलेक्सचा कार्बोरेटर, तेलाचा एअर क्लीनर (आत येणाऱ्या हवेतली धूळ भांड्यातल्या तेलात अडकवणारा). वडिलांच्या वेळेपासून घरात आहे.

तक्रार : दिवाळीनंतर ऑइल बदललं आणि धूर दिसायला लागला. ज्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं तिथे एकदा जोरात रेस देऊन पाहिलं आणि निकाल दिला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदला. आपल्यातल्या एका मित्राचं मत नेमकं उलट. जुनं एअरकूल्ड (हवेने गार होणारं) इंजिन थोडं ऑइल खाणारच, टॉप-अप करत चालवत राहा. दोघांचंही न ऐकता आधी महिनाभर नुसतं बघायचं ठरवलं.

जानेवारी, पहिला आठवडा. सकाळचा धूर

सहा दिवस रोज थंड इंजिन चालू केलं आणि मागे उभा राहून वेळ मोजली. पहिली ३०-४० सेकंद निळसर, मग तीन-चार मिनिटं पांढरं, मग काही नाही.

पांढऱ्याची भीती बाळगू नका. पाण्याच्या गाडीत पांढरा धूर टिकून राहिला की गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका येते. आपल्या इंजिनात पाणीच नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी ते गार सायलेन्सरमध्ये वाफ होऊन दिसतं, इतकंच.

सुरुवातीचा निळा धूरसुद्धा एवढ्यावरून आजार म्हणता येत नाही. सिलिंडर आडवे आहेत, त्यामुळे रात्रभरात थोडं ऑइल रिंगांच्या फटीतून आत झिरपतं. आमच्या पार्किंगला डावीकडे उतार आहे. दोन रात्री गाडी सपाट जागेवर लावली तर हा धूर निम्म्यावर आला.

काळा धूर एकदाही दिसला नाही, म्हणजे चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी झडप) अडकत नाहीये. डिपस्टिकचा वास घेतला, पेट्रोलचा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइल असलेल्या भागात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी घटण्याऐवजी वाढते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही. जुना पडदा असेल तर हा वास दर आठवड्याला घ्या.

दुसरा आठवडा. एअर क्लीनर

गरम इंजिनाला रेस दिली की निळा धूर येत होता, तो मात्र खरा होता. क्लीनर काढला आणि कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट ऑइलने माखून निघालं! तिथे ऑइल असण्याचं काहीच कारण नाही. क्लीनरचं भांडं उघडलं तर ऑइल खुणेच्या जवळजवळ बोटभर वर. ऑइल बदलताना कोणीतरी भांडंही भरून टाकलं होतं. वेग वाढला की हवा ते तेल उचलून थेट इंजिनात नेत होती.

भांडं रॉकेलने धुतलं, खुणेपर्यंतच भरलं. रेस दिल्यावरचा धूर दोन दिवसांत गेला. ज्या एका परीक्षेवरून रिंगांचा निकाल लागला होता, ती परीक्षा या भांड्याची होती. तेलाचा क्लीनर असलेल्या प्रत्येकाने इंजिनाला हात लावण्याआधी हे भांडं उघडावं, माझी कळकळीची विनंती आहे.

तरीही ३०० किमीमध्ये डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं निम्मं ऑइल गेलंच. इंजिनात सगळं मिळून अडीच लिटर ऑइल, वेगळा फिल्टर नाही, नुसती जाळी. आणि हेच ऑइल इंजिन गारही ठेवतं.

तिसरा रविवार. कात्रजचा जुना घाट

भाच्याला मोटारसायकलवर मागे ठेवलं. त्याने फक्त धूर बघायचा आणि हॉर्न द्यायचा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला, मागून आवाज नाही. रिंगा गेलेल्या असत्या तर इथे धुराची शेपटी दिसली असती. बोगद्याच्या अलीकडे थांबून ऑइलचं झाकण काढलं. किंचित फुसफुस होती, भकाभका धूर नव्हता.

बोगद्यापलीकडे उताराला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून खाली आणली. वळण संपल्यावर हलकेच पाय दिला आणि लगेच हॉर्न. पुढच्या वळणाला पुन्हा. खाली थांबल्यावर पोरगा म्हणाला, "मामा, पाय देताय तेव्हाच निळा लोट येतोय, नंतर साफ."

हे लक्षण व्हॉल्व्ह गाइडचं, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिचं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) जोराची ओढ तयार होते, आणि गाइड झिजला असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं ऑइल आत खेचलं जातं. पाय दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं.

चौथा आठवडा. कॉम्प्रेशन आणि टॅपेटची वही

बॅटरी पूर्ण चार्ज करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल उघडा धरून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलं. ६ व्होल्टचा सेल्फ आधीच सावकाश फिरतो. बॅटरी अर्धवट असेल तर आकडे फसवतात.

एक नंबरचा सिलिंडर ११२, दोन १०८, तीन ९०, चार ११० पीएसआय.

तीनमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं, ९२. रिंगा गळत असत्या तर ऑइलने आकडा बराच चढला असता. आडव्या सिलिंडरात ऑइल खालच्या बाजूला साचतं, सगळीकडे पसरत नाही, म्हणून या परीक्षेवर मी एकट्याने विसंबत नाही. कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून सोडली. ऑइलच्या झाकणापाशी फारसं काही नाही, कार्बोरेटरपाशी शांत, सायलेन्सरच्या नळीत मात्र स्पष्ट सूं... तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

मग टॅपेटची, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायच्या फटीची वही काढली, आणि या सगळ्या नोंदीतलं महत्त्वाचं पान हेच आहे. सगळे टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ मिमीला ठेवतो. ऑक्टोबरमध्ये तीनचा एक्झॉस्ट ०.०८ सापडला होता, मी पुन्हा ०.१५ केला आणि विसरलो. आता मोजला तर ०.०५. बाकी सात जागच्या जागी.

टॅपेट सैल झाला तर तो खडखडतो, सांगून जातो. आवळत गेला तर इंजिन उलट शांत वाटतं. एकच टॅपेट पुन्हा पुन्हा आवळतोय, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये (बसायच्या जागेत) खोल जातोय किंवा त्याची मान गरमीने ताणली जातेय. ताणलेला व्हॉल्व्ह एक दिवस तुटतो, डोकं सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टन त्याच्यावर आपटत राहतो. मग पिस्टन, हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग), कधी क्रँककेससुद्धा जातं.

आणि तीनच का? आपल्या जुन्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आतच उभा आहे, तीन नंबरला जाणारी हवा अडवून. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने तो बाजूच्या वेगळ्या खोक्यात हलवला. आपल्याकडे मे महिन्यात, सिग्नलला उभं राहून, तीन नंबर काय सोसत असेल!

त्या दिवसापासून गाडी जागेवरून हलवली नाही. टॉप-अप करून चालवत राहिलो असतो तर पुढचा घाट बहुधा शेवटचा ठरला असता.

फेब्रुवारी, पहिला आठवडा. इंजिन खाली

चार बोल्ट, वायरी, केबल, पेट्रोलची नळी. जॅकवर फळी ठेवून मी आणि भाच्याने दुपारपर्यंत इंजिन खाली घेतलं. डावं हेड काढलं.

तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका ठिकाणी जळून खाल्लेली. चारचा व्हॉल्व्ह शेजारी धरला तर तीनची मान डोळ्यांना दिसेल इतकी बारीक. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहिला, एक्झॉस्टचा ढकढक हलतो, इनटेकचाही त्याच्या खालोखाल. घाटातला निळा लोट या इनटेकच्या गाइडमधून येत होता.

सिलिंडर काढलेच होते म्हणून वरची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फट मोजली. चारही ठिकाणी ०.५ मिमीच्या आसपास. रिंगा तशाच राहणार.

दोन्ही हेड लेथवर दिलीत. आठही गाइड नवे, चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट कापून. उजव्या हेडचे गाइड बरे आहेत, पण इंजिन पुन्हा उतरवायचं नाही. तोवर कूलरच्या पंखांमधला चिखल आणि तेलाचा थर साफ करतोय. अर्धी वाट त्यानेच बुजली होती. पंख्याच्या पत्र्यांचे दोन रबरही गायब आहेत, ते शोधतोय.

इंजिन चढल्यावर पहिले ५०० किमी दर १०० किमीला आठही टॅपेट मोजणार. तीनचा आकडा लाल पेनाने लिहीन.